लिंबूटिंबूंना हरवलं, मग काय झालं? कॉलेज फुटबॉलमधल्या कॉन्फरन्सबाहेरच्या सामन्यांचा हिशेब

प्रश्न असा आला आहे: "मुलगी ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठात शिकते, म्हणून आम्हीही घरात कॉलेज फुटबॉल बघायला लागलो. २०२५ च्या हंगामात संघ एकही सामना न हरता विजेता झाला. तरी ऑफिसातले ओहायोवाले म्हणतात, 'सप्टेंबरात तुम्ही खेळलात कुणाशी? सगळे लिंबूटिंबू!' कॉन्फरन्सबाहेरचं वेळापत्रक अवघड की सोपं, हे ठरवायची काही धड रीत आहे का?"

रीत आहे. पण आधी एक कबुली देतो. मी कोलंबसला राहतो, वीसेक वर्षं इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाचा चाहता आहे, आणि ६ डिसेंबर २०२५ ला तुमच्या संघाने आमच्या संघाला १३-१० असं हरवलं, ती रात्र अजून घशाखाली उतरलेली नाही. तेव्हा पुढे कुठे इंडियानाच्या बाजूने बोललो, तर ते प्रेमापोटी नाही. माझं पोटापाण्याचं काम विम्यातल्या जोखमीचे हिशेब मांडायचं. फुटबॉल संघांचं मानांकन काढणारा घरगुती प्रोग्रॅम मी बऱ्याच वर्षांपासून चालवतो. दर रविवारी सकाळी चहाबरोबर आकडे भरतो. घरच्यांना आता सवय झाली आहे.

वरच्या पातळीवर, म्हणजे एफबीएसमध्ये, २०२५ ला १३६ संघ होते. प्रत्येकाचे नेहमीचे सामने १२. बहुतेकांचे त्यातले आठ किंवा नऊ आपल्या कॉन्फरन्समधले, म्हणजे विद्यापीठांच्या ठरलेल्या गटातले; ते कॉन्फरन्स ठरवते. उरलेले तीन-चार सामने विद्यापीठाने स्वतः जमवायचे. मी मूळचा सांगलीकडचा, त्यामुळे मला हा प्रकार यात्रेतल्या मैदानात कुस्त्यांचे जोड लावण्यासारखा वाटतो. कुणाशी जोड लावायचा, कुठे लावायचा आणि किती पैशाला, हे सगळं आखाड्याबाहेर ठरतं. मोठं विद्यापीठ लहान विद्यापीठाला आपल्या मैदानावर बोलावतं, घसघशीत बिदागी देतं आणि परतफेडीचा सामना खेळायला त्यांच्या गावी जात नाही. अशा पाहुण्याने मार खाऊन, चेक घेऊन परत जावं अशी अपेक्षा असते. नेहमीच तसं होतं असं नाही. २००७ मध्ये मिशिगनने चार लाख डॉलर देऊन खालच्या पातळीवरच्या ॲपलाचियन स्टेटला बोलावलं आणि एक लाखाच्या वर प्रेक्षकांसमोर ३४-३२ असा सामना घालवला. २०२४ मध्ये नोत्र दामने नॉर्दर्न इलिनॉयला १४ लाख डॉलर दिले आणि १६-१४ असा पराभव विकत घेतला. त्याच नोत्र दामने पुढे अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली, ही गोष्ट वेगळी.

आता मुद्द्यावर येतो. लोक 'वेळापत्रक किती भारी' असं विचारतात तेव्हा त्यांच्या डोक्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकात एक अडकलेले असतात. सामने जिंकायला किती अवघड होते? त्या सामन्यांतून संघाबद्दल कळलं किती? आणि जोड लावणाऱ्याने अंग चोरलं का? उत्तरं तिन्हींची वेगळी येतात. ऑफिसातली भांडणं बहुतेक यामुळेच होतात, कारण एकजण पहिल्याचं उत्तर देत असतो आणि दुसरा तिसऱ्याचं मागत असतो.

पहिल्या प्रश्नावर सर्वांत जास्त चूक होते ती सरासरीची. प्रतिस्पर्ध्यांचं मानांकन बेरजेने काढायचं, भागायचं आणि आकडा लावायचा. हे किती फसवं आहे ते बघा. मानांकन गुणांमध्ये धरू, म्हणजे मधल्या संघाला किती गुणांनी हरवेल ते. शून्य म्हणजे मधला एफबीएस संघ, अधिक २० म्हणजे पहिल्या दहातला. एका वेळापत्रकात तीन प्रतिस्पर्धी आहेत: अधिक १९, उणे २० आणि उणे २०. दुसऱ्यात तिघेही उणे ७. दोन्हींची सरासरी उणे ७ च. फुटबॉलमध्ये निकाल अंदाजापासून साधारण १६ गुणांनी इकडेतिकडे होतो असं धरलं, आणि मैदान तटस्थ मानलं, तर अधिक २० चा तगडा संघ पहिलं वेळापत्रक तिन्ही सामने जिंकून पार करण्याची शक्यता ५२ टक्के निघते. दुसरं पार करण्याची ८७ टक्के. सरासरी तीच, पण एका ठिकाणी छापा-काटा आणि दुसऱ्या ठिकाणी जवळपास फेरफटका.

गंमत पुढे आहे. हीच दोन वेळापत्रकं उणे ७ च्या साध्या संघाला द्या. पहिल्यात तो भारी संघाकडून जवळजवळ नक्की हरतो, पण दोन दुबळ्यांना बहुधा हरवतो. सरासरीने १.६ च्या आसपास विजय मिळतात. दुसऱ्यात तिन्ही सामने बरोबरीचे, म्हणून दीड विजय. म्हणजे तगड्या संघाला जे वेळापत्रक अवघड, तेच साध्या संघाला किंचित सोपं पडतं. 'वेळापत्रक अवघड आहे' हे वाक्यच अर्धवट आहे. कुणासाठी अवघड, हे आधी सांगावं लागतं.

म्हणून मी एक मापाचा संघ धरतो. देशात साधारण दहाव्या क्रमांकावर असेल असा, कुठलाही नाव नसलेला. हा संघ हेच सामने, याच मैदानांवर खेळला असता तर किती हरला असता? प्रत्येक सामन्यातली हरण्याची शक्यता मांडायची आणि बेरीज करायची, एवढंच. घरी बसून कागदावर करायचं असेल तर माझे ढोबळ आकडे घ्या. खालच्या पातळीवरचा, म्हणजे एफसीएसचा साधारण संघ आपल्या मैदानावर आला तर ०.०१. एफबीएसच्या तळाचा संघ घरी ०.०३. लहान कॉन्फरन्समधला मध्यम संघ घरी ०.०५, तिथलाच चांगला संघ घरी ०.०८. मोठ्या कॉन्फरन्समधला मध्यम संघ घरी ०.१५, त्यांच्या मैदानावर ०.२५. पहिल्या दहातला संघ घरी ०.४०, त्यांच्या मैदानावर ०.५५. मैदान बदललं की शक्यता किती बदलते ते यातच दिसतं. घरच्या मैदानाचा फायदा दोन-तीन गुणांचा, पण बरोबरीच्या लढतीत तेवढ्यानेही बरंच काही हलतं. बेचाळीस गुणांनी जिंकायच्या सामन्यात त्याला कोण विचारतो?

ही रीत वापरून २०१४ कडे बघा, कारण या वादाचं मूळ तिथे आहे. विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीचं, म्हणजे प्लेऑफचं, ते पहिलं वर्ष होतं आणि जागा चारच होत्या. बेलरचे बाहेरचे सामने: एसएमयू, नॉर्थवेस्टर्न स्टेट आणि बफेलो. एसएमयू त्या वर्षी १-११ (एक विजय, अकरा पराभव) होता, नॉर्थवेस्टर्न स्टेट तर एफसीएसचाच. माझ्या हिशेबाने बेरीज ०.१० सुद्धा भरत नाही. ओहायो स्टेटने नेव्ही, व्हर्जिनिया टेक, केंट स्टेट आणि सिनसिनाटी घेतले होते, बेरीज ०.४ च्या जवळपास. त्यात आम्ही व्हर्जिनिया टेककडून घरच्या मैदानावर ३५-२१ असे हरलो, आणि तो संघ वर्षअखेर ७-६ वर थांबला. म्हणजे फार मोठ्या संघाकडून हरलो असंही नाही. तरी चौथी जागा आम्हाला मिळाली, बेलर आणि टीसीयू बाहेर राहिले. त्याला फक्त सप्टेंबर कारणीभूत नव्हता. आम्ही कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनला ५९-० चिरडलं होतं, आणि बेलर-टीसीयूच्या बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सला तेव्हा अंतिम सामनाच नव्हता. पण बेलरकडे दाखवायला कॉन्फरन्सबाहेरचा एकही कागद नव्हता, हे खरं. पुढे आम्ही विजेते झालो, म्हणून हा किस्सा मी जरा जास्त चवीने सांगतो.

दुसरा प्रश्न, म्हणजे सामन्यांतून कळलं किती, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर सर्वांत कमी बोललं जातं. कॉन्फरन्सच्या आत एक जिंकला की दुसरा हरतोच. तुमची इंडियाना आणि आमची ओहायो स्टेट ज्या कॉन्फरन्समध्ये आहेत त्या बिग टेनच्या अठरा संघांनी आपापसात कितीही सामने खेळले तरी एकूण विजय आणि एकूण पराभव सारखेच. त्यामुळे आतल्या सामन्यांवरून अठरांमध्ये कोण वरचढ हे कळतं, पण ते अठरा मिळून एसईसी या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सच्या सोळांपेक्षा वरचढ की कमी, हे कधीच कळत नाही. कॉन्फरन्स हे एकेक बेट आहे. बेटांना जोडणारे पूल म्हणजे हे बाहेरचे सामने, आणि त्यातले बहुतेक सप्टेंबरअखेर बांधून संपलेले असतात. नोव्हेंबरात देशभर जी मानांकनं फिरतात ती दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या मोजक्या पुलांवर उभी असतात.

जुन्या सूत्रांनी इथेच माती खाल्ली. १९९८ ते २००३ पर्यंत बीसीएसच्या, म्हणजे प्लेऑफच्या आधी अंतिम सामन्याचे दोन संघ ठरवणाऱ्या पद्धतीच्या, गणितात वेळापत्रकाचा वेगळा भाग होता: दोन तृतीयांश वजन प्रतिस्पर्ध्यांच्या जय-पराजयाला, एक तृतीयांश प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. आता समजा, एका कॉन्फरन्सचे संघ आपापसात आठ सामने खेळतात आणि बाहेर चार दुबळे गाठून चारही जिंकतात. तिथला सरासरी संघ ८-४ होतो. दुसऱ्या कॉन्फरन्सचे नऊ आत, तीन बाहेर, तेही दुबळेच आणि तिन्ही जिंकलेले. सरासरी संघ साडेसात-साडेचार. ताकद एकच असली तरी पहिल्या कॉन्फरन्समधल्या प्रत्येकाचे प्रतिस्पर्धी कागदावर भारी दिसू लागतात, ते केवळ एक दुबळा जास्त खाल्ला म्हणून. एसईसी इतकी वर्षं आठ सामन्यांवर अडून बसली त्यामागे हाही हिशेब होता असं माझं मत आहे. २०२६ पासून तेही नऊ खेळणार आहेत.

मी स्वतःही याहून ढोबळ चूक केली होती. सुरुवातीला माझ्या प्रोग्रॅममध्ये सगळे एफसीएस संघ मिळून एकच खोटा संघ होता, 'इतर' नावाचा. सव्वाशे संघांची माहिती कोण भरणार? ॲपलाचियन स्टेटने मिशिगनला हरवलं त्या आठवड्यात प्रोग्रॅमने मिशिगनला असं खाली फेकलं की मीच खजील झालो. ॲपलाचियन त्या वेळी सलग दोन वर्षं एफसीएसचे विजेते होते, 'इतर' नव्हे. पुढे नॉर्थ डकोटा स्टेटने २०१३ मध्ये कॅन्सस स्टेटला आणि २०१६ मध्ये आयोवाला त्यांच्याच मैदानांवर हरवलं. रणजीच्या प्लेट गटात जसे सगळे सारखे नसतात, तसंच हे. कुणी 'एफसीएसचा संघ घेतला' म्हणून नाक मुरडलं, तर आधी कुठला ते विचारा. वरचे चार-पाच संघ एफबीएसच्या तळाच्या तीस-चाळीस संघांना सहज भारी पडतात.

तिसरा प्रश्न हेतूचा. इथे न्याय करताना लोक फार घाई करतात. मोठ्या विद्यापीठांमधले दुहेरी करार, म्हणजे एकदा आमच्याकडे, एकदा तुमच्याकडे, पुष्कळदा आठ-दहा वर्षं आधी होतात. सही करणारा ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा प्रमुख, खेळायच्या दिवशी नोकरीत असेलच असं नाही, प्रशिक्षक तर नाहीच. सिनसिनाटीचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये त्यांनी इंडियाना आणि नोत्र दाम या दोघांनाही त्यांच्या मैदानांवर जाऊन हरवलं आणि लहान कॉन्फरन्समधून चारांच्या प्लेऑफमध्ये पोचलेला पहिला संघ ठरले. हंगामापूर्वी इंडियाना एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत सतराव्या क्रमांकावर होता. हंगाम संपला तेव्हा २-१०. सिनसिनाटीच्या खात्यात तो सामना कितीचा धरायचा? अवघडपणा मोजताना शेवटचं रूप धरा: नोत्र दाम ०.५५, इंडियाना ०.१०, मायामी ओहायो ०.०५, मरे स्टेट ०.०१, एकूण ०.७१. हेतू मोजताना मात्र करार झाला तेव्हाचं रूप धरा. त्यांनी अंग चोरलं नव्हतं, समोरचा कोसळला. २०२४ मध्ये फ्लोरिडा स्टेट दहाव्या क्रमांकावरून सुरू होऊन असाच २-१० वर आला आणि त्याच्याशी खेळलेल्या प्रत्येकाच्या वहीतला मोठा आकडा पुसला गेला. म्हणून सामन्याच्या दिवशीच्या क्रमांकावर मी कधीच विसंबत नाही. सप्टेंबरातला क्रमांक हा मागच्या वर्षाची आठवण आणि यंदाची जाहिरात यांचं मिश्रण असतो.

आता तुमच्या इंडियानाकडे येऊ. २०२४ मध्ये एफआययू, वेस्टर्न इलिनॉय, शार्लट. २०२५ मध्ये ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट, इंडियाना स्टेट (हे वेगळं विद्यापीठ). तिन्ही घरी. हेतूच्या प्रश्नावर सहकाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. व्हर्जिनियाशी ठरलेले पुढचे दोन सामने विद्यापीठाने रद्द केले, आणि प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनी २०२५ च्या उन्हाळ्यात पत्रकारांसमोर, आम्ही एसईसीचंच धोरण उचललंय, असा चिमटाही काढला. टोमणा वर्मी लागला. एसईसीतली अलाबामा २०२४ मध्ये १६ नोव्हेंबरला, हंगाम ऐन भरात असताना, एफसीएसच्या मर्सरशी खेळत होतीच की. त्याच वर्षी ९-३ असलेली अलाबामा प्लेऑफबाहेर राहिली, तेव्हा त्यांच्या ॲथलेटिक डायरेक्टरने बाहेरचे मोठे सामने घ्यावेत की नाही याचा फेरविचार करावा लागेल, असं जाहीरपणे सुचवलं. खरं तर अलाबामा विस्कॉन्सिनला जाऊन ४२-१० ने जिंकली होती. तिला बुडवलं ते आतल्या पराभवांनी, व्हँडरबिल्ट आणि ओक्लाहोमाकडच्या. पण वैताग काढायला बाहेरचा सामना सोयीचा पडतो.

अवघडपणाच्या प्रश्नावर मात्र उत्तर जरा बदलतं. केनेसॉ स्टेट २०२४ ला २-१० होता. पुढच्याच वर्षी तो कॉन्फरन्स यूएसएचा विजेता झाला. ओल्ड डोमिनियनने व्हर्जिनिया टेकला त्यांच्या मैदानावर ४५-२६ असं लोळवलं आणि एकूण दहा सामने जिंकले. इंडियानाने त्यांना २७-१४ हरवलं होतं. ऑगस्टमध्ये मी इंडियानाच्या तीन सामन्यांना ०.०७ दिले असते. वर्षअखेर ओल्ड डोमिनियनला ०.०८, केनेसॉला ०.०५ आणि इंडियाना स्टेटला ०.०१ धरून ०.१४ होतात. दुप्पट झाले, तरी हलकेच.

आणि कळलं किती? जवळजवळ काहीच नाही. इंडियाना स्टेटवरचा ७३-० हा विजय चांगल्या संघालाही मिळतो आणि सर्वोत्तम संघालाही. दोघांतला फरक तो दाखवू शकत नाही. मग प्लेऑफचे संघ निवडणाऱ्या समितीने इंडियानाला पहिलं मानांकन कशावर दिलं? ऑक्टोबरात ओरेगनला जाऊन ३०-२० ने जिंकले, डिसेंबरात आम्हाला हरवलं, यावर. पण ओरेगन आणि ओहायो स्टेट मोठे, हे कुणी ठरवलं? त्यातला मोठा पूल आम्ही बांधला होता. ३० ऑगस्टला एसईसीच्या टेक्ससला कोलंबसमध्ये १४-७ हरवून. इंडियाना आमच्या पुलावरून पलीकडे गेली. यात बेकायदा काही नाही, पण अठराच्या अठरा संघांनी असंच करायचं ठरवलं तर बिग टेन हे पाण्याने वेढलेलं बेट होईल आणि समितीच्या तेरा जणांना नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर बसावं लागेल. सिग्नेटींच्या धोरणावर माझा आक्षेप असेल तर तो हाच. त्यांचा संघ भित्रा होता असं म्हणणाऱ्यांनी त्यांचा अलाबामावरचा ३८-३ विजय पुन्हा एकदा बघावा.

२०२५ च्या हंगामापूर्वी समितीने आपली मापं बदलली. तगड्या प्रतिस्पर्ध्यांशी झालेल्या सामन्यांना वजन वाढवलं, आणि वेळापत्रकासमोर संघाने प्रत्यक्षात काय केलं हे मोजणारं वेगळं माप जोडलं, ज्यात मोठ्या संघाकडून हरल्याचा दंड कमी आहे. दिशा योग्य आहे. मी वर सांगितलेला मापाचा संघ याच्याच जवळ जातो. फक्त एक लक्षात ठेवा: बाहेरचे सामने तीन-चार, आतले आठ-नऊ. अठरा संघांच्या कॉन्फरन्समध्ये प्रत्येकाला वेगवेगळे नऊ मिळतात, आणि त्या नऊंमधला फरक बाहेरच्या तिघांतल्या फरकापेक्षा पुष्कळदा मोठा असतो. सगळा राग सप्टेंबरावर काढणाऱ्याने आतली यादी वाचलेली नसते.

सोमवारी ऑफिसात काय सांगाल? आमचा हिशेबही त्यांच्यासमोर मांडा. ओहायो स्टेटचे २०२५ चे बाहेरचे सामने: टेक्सस घरी ०.४०, ग्रॅम्बलिंग ०.०१, ओहायो युनिव्हर्सिटी ०.०५. एकूण ०.४६. तुमचे ०.१४. म्हणजे आमचं वेळापत्रक भारी होतं हे सहकाऱ्यांचं म्हणणं खरं, आणि ते एका पराभवाच्या तिसऱ्या हिश्श्याने भारी होतं. तेवढ्यावर त्यांनी हवं तितकं भांडावं. १३-१० मात्र इंडियानापोलिसला, तटस्थ मैदानावर झाला, आणि मी तो टीव्हीवर शेवटपर्यंत बघितला.